गोरिला बघायला शिकताना: अगदी सुरुवातीपासून

गोरिला म्हटलं की छाती बडवणारा, दात विचकणारा प्रचंड नर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात प्रौढ नर रोज एकदाही छाती बडवेलच असं नाही, आणि बडवली तरी ते काही सेकंदांत संपतं. उरलेला दिवस खाण्यात, लोळण्यात आणि पिल्लांच्या मस्तीत जातो. म्हणून नवा माणूस गोरिलाचं चित्रीकरण बघायला बसला की थोड्याच वेळात कंटाळतो, त्याला वाटतं काहीच घडत नाहीये. घडत बरंच असतं, पण संथपणे. आणि हा संथपणाच त्यांच्या शरीराचा, कुटुंबाचा आणि त्यांच्यावरच्या संकटाचा गाभा आहे. त्यामुळे पहिला सराव नजर संथ करण्याचा.

पुढच्या बहुतेक पायऱ्या घरबसल्या, चांगलं चित्रीकरण बघत करता येतात. प्रत्यक्ष जंगलात जाण्याचा भाग शेवटी आहे. फक्त तेवढाच भाग वाचून निघू नका.

पायरी 1: समोरचा गोरिला कोणता, ते ठरवा

गोरिलांच्या दोन प्रजाती आहेत, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची. प्रत्येकीच्या दोन उपप्रजाती. पूर्वेकडे डोंगरी गोरिला आणि ग्राउअर गोरिला, पश्चिमेकडे सखल प्रदेशातला गोरिला आणि क्रॉस रिव्हर गोरिला.

ओळखायला सोप्या खुणा अशा. अंगावर लांब, दाट, काळेभोर केस आणि मागे धुक्यातलं डोंगरउताराचं जंगल दिसलं तर तो डोंगरी गोरिला. रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरची विरुंगा ज्वालामुखींची रांग आणि युगांडातलं ब्विंडी जंगल, एवढ्याच पट्ट्यात तो आढळतो. केस आखूड, डोक्यावर तांबूस-तपकिरी झाक, आजूबाजूला दमट सपाट अरण्य किंवा दलदल असेल, तर तो पश्चिमेकडचा सखल प्रदेशातला. प्राणिसंग्रहालयांतले जवळजवळ सगळे गोरिला याच उपप्रजातीचे असतात. डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाही. ग्राउअर गोरिला फक्त पूर्व काँगोत राहतो आणि आकाराने सगळ्यांत मोठा असतो. क्रॉस रिव्हर गोरिला नायजेरिया-कॅमेरून सीमेवर उरलेत ते जेमतेम 250 ते 300, आणि माणसाला इतके टाळणारे की त्यांची छायाचित्रंही दुर्मीळ.

हे आधी पक्कं करायचं कारण म्हणजे बातम्या. 'गोरिला वाढले' अशी बातमी आली तर ती बहुधा डोंगरी गोरिलांची असते. 2018 मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' गटात आणलं गेलं. बाकीचे तिन्ही अजून अतिसंकटग्रस्तच आहेत. सखल प्रदेशातले गोरिला संख्येने तीन लाखांहून जास्त असले तरी वेगाने घटतायत. एकाची चांगली बातमी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करू नका.

पायरी 2: कळपात कोण कोण आहे?

नर पाठीवरून ओळखा. साधारण बाराव्या वर्षानंतर नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. त्याला सगळीकडे सिल्व्हरबॅक म्हणतात. आठ ते बारा वर्षांच्या नराची पाठ अजून काळी असते, तो ब्लॅकबॅक. प्रौढ मादी नराच्या जवळपास निम्म्या वजनाची असते आणि तिच्या डोक्यावर नरासारखा उंच कंगोरा नसतो. हा कंगोरा कवटीच्या हाडाचा. जबडा हलवणारे प्रचंड स्नायू तिथे चिकटलेले असतात. दिवसभर चिवट पाला चावायचा म्हणजे एवढी यंत्रणा लागतेच.

पिल्लांसाठी एक छान खूण आहे. बुडाशी पांढऱ्या केसांचा छोटा झुबका दिसला तर ते साधारण चार वर्षांच्या आतलं. गर्दीत सगळी काळी लोकर एकजीव दिसते, तेव्हा हा पांढरा ठिपका फार उपयोगी पडतो.

आता प्रत्येकाला वेगळं ओळखायचं. त्यासाठी नाक बघा. नाकपुड्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि नाकाच्या वरच्या खाचा प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या असतात. गोरिला-संशोधक डायन फॉसी यांनी 1967 मध्ये रवांडात करिसिंबी आणि बिसोके या ज्वालामुखींच्या मधे करिसोके संशोधन केंद्र उभारलं, तेव्हापासून तिथे नाकांची रेखाचित्रं काढून नोंदी ठेवल्या जातात. तुम्हीही चित्रीकरण थांबवून वहीत नाक काढून पाहा. चित्रकला यायची गरज नाही, दोन नाकपुड्या आणि वरच्या रेषा पुरतात. तिसऱ्या-चौथ्या नाकानंतर चेहरे वेगळे दिसायला लागतात, आणि 'कळप' जाऊन 'ही आई, हा तिचा पोरगा' अशी माणसं दिसायला लागतात. मला विचाराल तर गोरिलांच्या अभ्यासातला सगळ्यांत आनंदाचा टप्पा हाच.

एका कळपात एकच सिल्व्हरबॅक असतो, असं वाचलं असेल तर ते अर्धंच खरं. डोंगरी गोरिलांच्या बऱ्याच कळपांत दोन किंवा जास्त सिल्व्हरबॅक असतात, कारण काही तरुण नर बाहेर न पडता तिथेच थांबतात. मुख्य नर मात्र एक. कळप साधारण दहाच्या आसपास असतो, पण रवांडातला 'पाब्लो' नावाने ओळखला जाणारा कळप एके काळी 60 च्या वर गेला होता.

पायरी 3: एकालाच निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा

नवख्या माणसाची नजर मोठ्या नरावर खिळते. तो मोह टाळा. एक मादी किंवा एक पिल्लू निवडा, घड्याळ लावा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला एक शब्द लिहा: खाते, बसली, साफसफाई, चालली, पिल्लू पाजते. सोबत दोन गोष्टी टिपा. तिच्या सगळ्यांत जवळ कोण आहे? आणि सिल्व्हरबॅक हलला तर ती हलते का? शास्त्रज्ञांची क्षेत्रावरची पद्धत मुळात हीच आहे, फक्त ते ती वर्षानुवर्षं चालवतात.

काही वेळा असं केलं की एक गोष्ट आपोआप लक्षात येते. कळपाचा मध्य म्हणजे सिल्व्हरबॅक. तान्ह्या पिल्लांच्या आया बहुतेक वेळा त्याच्या आसपास बसतात. याला कारण आहे. बाहेरचा नर कळपात शिरला तर तो तान्ही पिल्लं मारू शकतो. पाजणं थांबलं की मादी लवकर माजावर येते आणि त्याला स्वतःची पिल्लं होऊ शकतात. वाचायला क्रूर वाटतं, पण हे समजल्याशिवाय मादीचे निर्णय कळत नाहीत. मादी वयात आली की बहुधा जन्माचा कळप सोडते आणि पुढेही कळप बदलू शकते. कुठल्या नराकडे जायचं हे ती ठरवते आणि त्यात पिल्लांच्या सुरक्षिततेचा मोठा वाटा असतो.

मग पिल्लू आणि सिल्व्हरबॅक यांच्याकडे बघा. दीडशे-दोनशे किलोचा नर, आणि त्याच्या पोटावर चढून नाचणारं पोर. तो साधारणतः सहन करतो, कधी हळूच बाजूला करतो. करिसोकेच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदींवर 2021 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की आई गमावलेली, दूध सुटलेली लहान गोरिला इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मरत नाहीत. कळप त्यांना सामावून घेतो आणि मुख्य नराशी त्यांची जवळीक वाढते. अनेकदा ती रात्री त्याच्याच घरट्यात झोपतात.

पायरी 4: कान उघडे ठेवा

आता चित्र न बघता फक्त आवाज ऐका. घशातून काढलेला, खोल, दोन तुकड्यांचा गुरगुराट म्हणजे 'मी इथे आहे, सगळं ठीक आहे'. कळप पसरून चरत असताना हा आवाज इकडून तिकडे चालू असतो. जंगलातले वाटाडे आणि ट्रॅकर, म्हणजे गोरिलांचा माग काढणारे लोक, कळपाजवळ जाताना मुद्दाम घसा खाकरल्यासारखा हाच आवाज काढतात. खाताना काही गोरिला चक्क गुणगुणतात. खोकल्यासारखा आखूड, तुटक आवाज ही मात्र ताकीद: बस्स, पुढे येऊ नकोस.

छाती बडवणं इथे येतं. मूठ वळून नाही, तर तळवे वाटीसारखे करून गोरिला छातीवर मारतो. गळ्या-छातीतल्या हवेच्या पिशव्यांमुळे आवाज घुमतो आणि एक किलोमीटरच्या पुढेही पोचतो. मोठ्या शरीराच्या नराचा आवाज जास्त खोल येतो, हे डोंगरी गोरिलांवरच्या अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे दाट झाडीत न दिसताही ऐकणाऱ्याला समोरच्याच्या आकाराचा अंदाज येतो. बऱ्याच वेळा त्यामुळे मारामारी टळते. छाती बडवणं हे लढाईचं निमंत्रण समजू नका, ते लढाई टाळायचं साधन जास्त आहे.

शरीराच्या खुणांमध्ये दोनच आधी शिका. ओठ आत ओढून, पाय ताठ करून, अंगाची बाजू दाखवत उभा राहिलेला नर ताणात आहे. आणि वारंवार जांभया देणारा गोरिला झोपाळलेला असेलच असं नाही, अस्वस्थ असतानाही तो जांभया देतो.

पायरी 5: दिवसाचा क्रम आणि ताट

सकाळी खाणं, दुपारी लांब विश्रांती, मग पुन्हा खाणं, संध्याकाळी घरटं. पिल्लांचा खेळ आणि एकमेकांची साफसफाई बघायची तर दुपारची विश्रांती उत्तम.

डोंगरी गोरिला मुख्यतः पाला, देठ, रानटी सेलरी, काटेरी झुडपं, खाजकुयलीसारखी आग करणारी पानं आणि हंगामात बांबूचे कोवळे कोंब खातो. मोठा नर दिवसाला तीस किलोपर्यंत वनस्पती संपवू शकतो. पोट सुटलेलं दिसतं ते चरबीने नाही, एवढा चोथा आंबवायला लांबलचक आतडं लागतं म्हणून. पाणी त्याला बहुतांशी अन्नातूनच मिळतं. पानं तोडताना हात नीट बघा: काटे आत जातील अशी घडी, साल सोलणं, नको तो भाग फेकणं. हे पिल्लू आईजवळ बसून शिकतं.

पश्चिमेकडच्या गोरिलाला फळं आवडतात, त्यामुळे तो जास्त भटकतो आणि त्याचा माग काढणं अवघड जातं. मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत 'बाई' नावाच्या दलदलीच्या मोकळ्या जागा असतात, तिथे तो पाणवनस्पती खायला उतरतो. काँगो प्रजासत्ताक या वेगळ्या देशातल्या एम्बेली बाईमध्ये 2004 साली लिआ नावाची मादी काठीने पाण्याची खोली चाचपत पुढे गेली. रानातल्या गोरिलाने हत्यार वापरल्याची ती पहिली छायाचित्रित नोंद.

पायरी 6: घरट्यावरून मोजणी समजून घ्या

प्रत्येक गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करतो, बहुधा जमिनीवर, आजूबाजूच्या फांद्या वाकवून. पिल्लू आईजवळ झोपतं. मोजणी करणारे लोक कळपाला गाठायच्या मागे न लागता कालची, परवाची अशी लागोपाठच्या रात्रींची घरटी शोधतात. लेंड्यांच्या आकारावरून वय आणि घरट्यातल्या रुपेरी केसांवरून सिल्व्हरबॅक ओळखता येतो.

पण एखादा गोरिला एका रात्रीत दोन घरटीही करतो. 2006 मध्ये ब्विंडीत घरट्यांवरून 336 गोरिला मोजले गेले, लेंड्यांमधल्या डीएनएवरून ते 302 निघाले. तेव्हापासून डीएनएला पर्याय राहिला नाही. कुठलाही आकडा वाचला की तो कसा मोजला हे विचारायची सवय इथूनच लावून घ्या.

पायरी 7: एक हिशोब स्वतः मांडून पाहा

कागद घ्या. मादीचं पहिलं पिल्लू साधारण दहाव्या वर्षी. गर्भकाळ साडेआठ महिने. जन्मतः पिल्लू जेमतेम दोन किलोचं. पुढचं पिल्लू सुमारे चार वर्षांनी, कारण तोवर आधीचं अंगावर पितं. साधारण चारांतलं एक पिल्लू पहिल्या काही वर्षांतच दगावतं. पस्तीस-चाळीस वर्षांच्या आयुष्यात किती पिल्लं मोठी होतील, ते मोजा.

आता त्यातून एक मादी फासात सापडून गेली असं धरा. भरपाईला किती वर्षं लागतील? सिल्व्हरबॅक मारला गेला तर हिशोब आणखी बिघडतो, कारण कळप विखुरतो आणि तान्ही पिल्लंही धोक्यात येतात. हा हिशोब स्वतःच्या हाताने केल्यावर संरक्षणाच्या बातम्या वेगळ्या वाचल्या जातात.

पायरी 8: संकट कुठे आहे आणि काय उपयोगी पडतं

विरुंगा रांगेत 1981 मध्ये 254 गोरिला होते. 2015-16 च्या मोजणीत ते 604 झाले. ब्विंडीचे 459 धरून डोंगरी गोरिलांची बेरीज 1,063. हे आपोआप झालेलं नाही. 1967 ते 2008 या काळात विरुंगातले माणसाची सवय झालेले, रोज पहारा असलेले कळप वर्षाला सुमारे 4 टक्क्यांनी वाढले, आणि तसा पहारा नसलेले किंचित घटले. जंगल तेच, फरक रोज पहाटे निघणाऱ्या ट्रॅकरचा आणि पशुवैद्यांचा. 1986 पासून इथे पशुवैद्य रानातच जाऊन फासात अडकलेल्या, आजारी गोरिलांवर उपचार करतात. फास लावलेले असतात हरणांसाठी, पण गोरिलाचा हात त्यात गेला की गँगरीन होतं. 2012 मध्ये रवांडातल्या कुर्यामा कळपातल्या दोन लहान गोरिलांनी, र्वेमा आणि डुकोरे यांनी, ट्रॅकरांच्या डोळ्यांदेखत फास मोडून टाकले.

या कामाची किंमत माणसांनीही मोजली आहे. काँगोच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आजवर 200 हून अधिक रेंजर मारले गेले. 2007 मध्ये तिथल्या एका कळपातल्या अनेक गोरिलांची हत्या झाली, सिल्व्हरबॅक सेन्क्वेक्वेही गेला. अनाथ डोंगरी गोरिलांच्या तिथल्या केंद्राला त्याचंच नाव आहे.

ग्राउअर गोरिलाचं दुखणं वेगळं: युद्ध, जंगलात घुसलेल्या खाणी आणि खाण कामगारांसाठी होणारी शिकार. पश्चिमेकडे लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून शिकारी आत पोचतात, शिवाय इबोला. 2002 ते 2004 दरम्यान काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी भागात आणि भोवती सुमारे 5,000 गोरिला इबोलाने मेले असा अंदाज आहे.

एक गोष्ट बऱ्याच कौतुकाच्या लेखांतून सुटते, ती इथे लिहायलाच हवी. 1991 मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा पिढ्यानपिढ्या त्या जंगलात राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं गेलं. त्यांच्यातल्या बहुतेकांना जमीन मिळाली नाही. गोरिला वाचले याचा आनंद खरा आहे, आणि बाट्वांवर झालेला अन्यायही तितकाच खरा. जंगलाच्या कडेच्या माणसांचं आरोग्य आणि गोरिलांचं आरोग्य तर थेट जोडलेलं आहे. 1996 मध्ये ब्विंडीतल्या गोरिलांना खरूज झाली, तिचा माग जवळच्या वस्तीपर्यंत पोचत होता. त्या वेळी उपचार करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे गावकरी आणि गोरिला या दोघांच्या आरोग्यासाठी एकत्र काम करणारी संस्था उभी केली. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम हेच.

पायरी 9: जंगलात जाणार असाल तर

परमिट आधी घ्या, बाकी सगळं नंतर. परदेशी पाहुण्यांसाठी रवांडात 2017 पासून 1,500 अमेरिकी डॉलर, युगांडात जुलै 2024 पासून 800 डॉलर. दर बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी उद्यान खात्याच्या अधिकृत माहितीशी ताडून पाहा. वय किमान 15. काँगोच्या बाजूला संघर्षामुळे पर्यटन पुन्हापुन्हा बंद पडतं, तिकडचा विचार करण्याआधी सुरक्षेची ताजी स्थिती बघा.

एका कळपाकडे दिवसाला आठच पाहुणे आणि एकच तास. हा तास कळप दिसल्यापासून मोजतात, चालायला मात्र अर्धा दिवसही लागू शकतो. चढ निसरडा, झुडपं आग करणारी, पाऊस केव्हाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, बागकामाचे जाड हातमोजे आणि घोट्यावर घट्ट बसणारे बूट घ्या.

अंतर दहा मीटर, तोंडावर मास्क. पिल्लू कुतूहलाने जवळ आलं तर वाटाडा सांगेल तसं हळूहळू मागे सरका. हात पुढे करू नका. नर अंगावर धावून आल्यासारखा आला तर पळू नका, खाली बसा, नजर जमिनीकडे ठेवा. फ्लॅश बंद.

सर्दी, ताप, खोकला, जुलाब यांपैकी काहीही असेल तर जाऊ नका, परमिटचे पैसे गेले तरी. गोरिलाचा डीएनए आपल्याशी सुमारे 98 टक्के जुळतो, त्यामुळे आपले श्वसनाचे आजार त्याला सहज होतात आणि त्याच्याकडे त्यांची प्रतिकारशक्ती नसते. 2009 मध्ये रवांडातल्या हिर्वा कळपात माणसांतला एक श्वसनविषाणू पसरला आणि एक मादी व एक पिल्लू गेलं. आजारी असल्याचं निघण्यापूर्वी वाटाड्याला सांगा, पैसे परत किंवा दुसरी तारीख मिळण्याबाबत तिथेच विचारता येतं.

तासातली पहिली दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवा आणि तिसरी पायरी करा. परतल्यावर छायाचित्र टाकताना गोरिला आणि तुम्ही अगदी शेजारी दिसाल असं निवडू नका. ते बघून पुढचा पाहुणा वाटाड्याकडे तेवढंच जवळ नेण्याचा हट्ट धरतो.

शेवटची सूचना चालायला सुरुवात करण्याआधीची आहे. पायथ्याशी गावातले लोक पोर्टर म्हणून उभे असतात. पाठीवर ओझं नसलं तरी एकाला सोबत घ्या. चिखलाच्या चढावर हात द्यायला तो असतो, आणि तुमच्या परमिटपेक्षा हे पैसे जंगलाला लागून शेती करणाऱ्या घरात जास्त थेट पोचतात. त्यातले काही जण पूर्वी शिकार करायचे. वाटेत त्यांच्याशी बोला, गोरिला शेतात उतरले की काय होतं ते विचारा.